आप्रेशनचा सप्ताह

आमच्या घरात मोठ्यानं बोलायचा मक्ता एकट्या आबांकडे होता. बाकी आम्ही सगळे हळू बोलणारे. मायचं बोलणं तर चुलीजवळ बसलेल्यालाच ऐकू यायचं, आणि कुणी “जरा मोठ्यानं बोल की” म्हटलं की ती आणखी हळू बोलायची. आबा पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात हर्रास पुकारायचे. शेतकऱ्यानं मिरचीचा ढीग ओतला की शेजारी पालथ्या घातलेल्या खोक्यावर उभं राहून ते भाव चढवत न्यायचे, आणि व्यापाऱ्यांची बोली थांबली की हात वर करून म्हणायचे, “एक वाऽर… दोन वाऽर…” मग थांबायचे. सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघून घ्यायचे आणि तळहातावर मूठ आपटून “तीन वार!” तीन वार म्हटलं की माल गेला. त्यानंतर कुणी दुप्पट भाव देतो म्हणाला तरी तो माल शेतकऱ्याचा राहत नसे. वारा आमच्या बाजूचा असला की हा पुकारा थेट अंगणात ऐकू यायचा. शेवटच्या ढिगाचा पुकारा आबा जरा लांबवून करत, तो ऐकला की माय तवा चुलीवर ठेवायची.

घरीही त्यांचा हर्रास चालायचा. संध्याकाळी जेवताना टोपल्यात शेवटची भाकर उरली की आबा ती तळहातावर उचलून धरायचे आणि म्हणायचे, “बोला!” आमची बोली कामांची असायची. माझा धाकटा भाऊ बंडू म्हणायचा, मी म्हशीला पाणी दाखवतो. मी म्हणायचे, मी पाणी दाखवून गोठाही झाडते. खरं तर पोटं भरलेली असायची आणि भाकर कुणालाच नको असायची. पण दोन वार आणि तीन वारच्या मधली ती जी थांबायची जागा होती ना, तिथं माझा जीव वरखाली व्हायचा. काळजी करणं हा माझा जन्मजात धंदा आहे, भाकरीच्या हर्रासातसुद्धा मला घाम फुटायचा. माय बोलीत कधीच उतरायची नाही. “अन्नाचा काय तमाशा लावला,” एवढं पुटपुटायची आणि पदराआड हसायची.

मग आबांचा आवाज बसला. मिरचीच्या बाजारात खोकला, ठसका, घसा धरणं यांचं कुणाला काही वाटत नाही, तिथं तर डोळ्यांतून पाणी काढतच नमस्कार-चमत्कार होतात. मायनं हळद-गूळ दिला, ज्येष्ठमध दिलं, आल्याच्या रसात मध दिला. ठेचा बंद केला, आणि ज्या माणसानं उभा जन्म मिरचीच्या ढिगात काढला त्याच्या ताटात फिकी आमटी आणि ज्वारीच्या कण्या-ताक आलं. आबा मुकाट्यानं गिळायचे. आवाज मात्र दिवसेंदिवस आत आत जात राहिला. शेवटी भोकरदनच्या डॉक्टरनं चिठ्ठी देऊन त्यांना औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आणि तिथून भानुकाका, म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, सांगत आला की घशात गाठ आहे, चिरून काढावी लागेल. डॉक्टर म्हणाले होते, जिवाचं बहुतेक ठीक होईल, आवाजाचं आताच काही सांगता येत नाही. मायनं यातलं बाकी काही ऐकलंच नाही. ती एवढंच म्हणाली, “गळ्याला सुरी लावणार?”

दवाखान्यात भरती व्हायला निघाले तेव्हा माय बरोबर जायला निघाली होती. पिशवीसुद्धा भरली होती तिनं. आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “तू नगं येऊ. तू आली तं मलाच रडू येईन.” पुरुषांच्या वॉर्डात बाई राहू देत नाहीत, घरी म्हैस आहे, पोरं आहेत, अशी बाकीची कारणं काकानं पुरवली. एरवी एसटी सुटताना आबांच्या हाळीनं ड्रायव्हर दचकायचा. त्या दिवशी ते खिडकीतून नुसता हात हलवत गेले, आणि मला ती बस कधी नव्हे इतकी शांतपणे गेल्यासारखी वाटली.

आमच्या शेजारी नूरखाला राहायची. तिचा मुलगा परदेशात कामाला होता, त्यानं पाठवलेला टीव्ही गल्लीतला एकुलता एक. खालाच्या ओसरीवर बसून ती आणि माय व्यापाऱ्याच्या पोत्यांतल्या वाळल्या मिरचीचे देठ खुडायच्या. आबा दवाखान्यात गेल्यावर माय तिथंच जास्त बसू लागली, तिला घर खायला उठायचं. असंच एकदा देठ खुडताना आत टीव्हीवर निवेदिका म्हणाली की सोमवारपासून रोज दुपारी जगप्रसिद्ध ऑपेरांचा सप्ताह दाखवण्यात येईल. मायचे हात थांबले. “मंदे,” ती मला म्हणाली, “ऐकलं का? सरकारनं आप्रेशनचा सप्ताह बसवला.”

मी नववीत होते, म्हणजे मला सगळं येत होतं. मी सांगितलं, आप्रेशन नाही, ऑपेरा. तिकडच्या लोकांचं गाण्याचं नाटक असतं. माय म्हणाली, “गाणं असतं?” म्हटलं, नुसतं गाणंच. “अन सात दिवस?” म्हटलं, हो, सात दिवस. “मंग सप्ताहच झाला की. गळ्याचाच सप्ताह.” आणि तिनं तिथल्या तिथं, मिरचीच्या ढिगाला हात लावून, नवस बोलून टाकला की सातही दिवस सप्ताह खंड न पाडता ऐकीन, शेवटच्या दिवशी काला करीन, यांचा गळा मला परत दे. कुणाला उद्देशून बोलली ते मला कळलं नाही. रेणुकामातेला असेल, नाहीतर टीव्हीवाल्यांना.

सप्ताह म्हटला की त्याचे नियम आले. वीणा खाली टेकवायची नाही, पहारा सुटू द्यायचा नाही. माय सकाळी अंघोळ करून पोथीला बसल्यासारखी तयार व्हायची आणि दुपारी फुलं आणि हळदकुंकवाची कोयरी घेऊन खालाकडे जायची. खालापुढे मोठाच पेच पडला. ती बिचारी कुणाच्या श्रद्धेला नाही म्हणणारी नव्हती, पण टीव्ही तिच्या लेकाचा होता. “कौसाबाई, फूल बाजू में रख,” ती म्हणाली. “डब्बे को हल्दी मत लगा, अंदर गई तो करंट मारता.” ते मायला पटलं. दुपारच्या उन्हात चित्र दिसावं म्हणून खाला दाराला चादर लावायची, आणि मायला मध्येच म्हशीचं काही बघायला उठावं लागलं तर स्वतः सरसावून टीव्हीसमोर बसायची. “तू जा. तेरी वीणा मैं पकडती. खंड कायको पडता?” आणि खरंच, माय येईपर्यंत ती पापणी लवू द्यायची नाही. एक दिवस तर नमाजाची वेळ झाली म्हणून तिनं मला हाताला धरून आपल्या जागेवर बसवलं आणि मगच उठली.

पहिल्या दिवशी टायवाल्या माणसानं इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि मग ते सुरू झालं. मी आयुष्यात असला आवाज ऐकला नव्हता. एक जाडजूड बाई तोंड उघडून उभी राहिली आणि तिचा स्वर वर वर चढत गेला, तेव्हा ओसरीवरच्या कोंबड्या पळाल्या. खाला म्हणाली, “या अल्ला, इसको हुआ क्या?” मायनं मात्र त्यातलं काही पाहिलं नाही. ना कपडे, ना महाल, ना मेणबत्त्या. ती फक्त गळे बघत होती. “शीर बघ कशी टरारली,” म्हणायची. “दम बघ केवढाय.” शेवटाकडे दोन गड्यांचं भांडण झालं आणि एकानं दुसऱ्याला सुरी खुपसली. सुरीच नको होती मला त्या आठवड्यात. मी मायकडे बघितलं तर तिचा चेहरा पांढरा पडलेला. पण तो सुरी लागलेला माणूस खाली पडला, कोपरावर उठला आणि गायला लागला. गातच राहिला. मघापेक्षा मोठ्यानं गायला. माय गुडघ्यांवर उठून बसली. “खाला, बघ! सुरी लागली तरी आवाज न्हाई गेला!”

“मंग?” खाला म्हणाली. “डाक्टर की छुरी तो इससे बारीक रहती.”

त्या रात्री माय बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. तो माणूस गाणं संपल्यावर डोळे मिटून निपचित पडला होता, त्याचं काय झालं म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की दमून झोप लागली त्याला. मग रोज तेच काम माझ्याकडे आलं. माय विचारायची, “काय म्हणून राह्यली ती?” आणि मी सांगायची. लेकीला सासरी धाडून राह्यलेत. त्याला दूरदेशी नोकरी लागली. ही त्याला डबा घेऊन आली, पण तो रागावलाय. तिकडे लोक विष प्यायचे, कड्यावरून उडी घ्यायचे, आणि मी त्यांना औषध पाजत होते, नदीवर पोहायला पाठवत होते. आता माझी नात मला तिच्या फोनवर असली नाटकं खाली मराठी अक्षरांसकट दाखवते. परवा तो सुरीवाला पुन्हा दिसला, निदान तसाच एक. मरताना तो काय गातो ते वाचलं आणि फोन बंद करायला सांगितला. माझी गोष्ट जास्त चांगली होती.

इकडे आप्रेशन काही होत नव्हतं. काका एक दिवसाआड संध्याकाळच्या गाडीनं यायचा, डबा आणि धुतलेले कपडे घेऊन परत जायचा, आणि दर वेळी सांगायचा, “उद्या म्हणून राह्यलेत.” कधी रक्त कमी होतं, कधी मोठे डॉक्टर गावाला गेल्ते. गाडीची वेळ झाली की माय दारात आणि मी मायच्या मागे. गाडीचा आवाज चढावर आला की मी स्वतःशीच पैजा लावायची: काका डाव्या हातात पिशवी घेऊन उतरला तर सगळं ठीक. तो बहुतेक उजव्या हातातच घेऊन उतरायचा, मग मी पैज फिरवायची. शेवटी काका सांगून गेला की आता नक्की, आणि तो दिवस नेमका सप्ताहाच्या काल्याचा निघाला. माय म्हणाली, “बघ, जमलं बराबर.” मला ते बराबर वाटलं नाही. इतकं नीट जमून आलं की मला भीतीच वाटते, आजही वाटते.

त्या दुपारी लाह्या, दही, असा काल्याचा सगळा ऐवज मायनं घरून आणून झाकून ठेवला होता. पोती संपवायची होती म्हणून दोघींच्या मांडीवर मिरच्या होत्या; हात देठ खुडत होते आणि डोळे पडद्यावर होते. त्या दिवशीच्या नाटकात एक आजारी बाई होती. खोकायची, पलंगावर पडायची, उठून गायची, पुन्हा पडायची. मायनं मला विचारलंच नाही ती काय म्हणते. आजारी माणसाची गोष्ट तिला सांगावी लागत नव्हती. बाई शेवटचं काहीतरी गायला पलंगावरून उठली, हात पुढे केले, स्वर लावला, आणि लाईट गेली. चित्र आक्रसत आक्रसत मध्ये एक ठिपका राहिला आणि तोही विझला.

घर एकदम गप्प झालं. पंखा फिरायचा थांबला. खाला उठून बटणं वरखाली करून आली. माय बसल्या जागी ताठ झाली होती. “खंड पडला,” ती म्हणाली. मी म्हटलं, येईल गं इतक्यात. ती म्हणाली, “काला न्हाई झाला, मंदे. तिचं पुरं न्हाई झालं. वीणा खाली टेकली.” तिच्या तोंडाकडे बघवेना. तिच्या मनात तिकडे औरंगाबादला काय चाललं होतं ते मला दिसत होतं, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं. ती उभी राहिली, मांडीवरच्या मिरच्या सगळीकडे सांडल्या. आणि माझी माय, जिचा आवाज चुलीपलीकडे कधी गेला नव्हता, तिनं विझलेल्या टीव्हीसमोर उभं राहून हात वर केला आणि ओरडली, “एक वाऽर!”

मला वाटलं तिचं डोकं फिरलं. “दोन वाऽर!” आवाज चिरका लागला, पण मोठा होता. मग ती थांबली, आणि पुन्हा, “एक वाऽर!” तेव्हा मला समजलं. तिला अभंग येत होते, आरत्या येत होत्या, पण पूर्ण उघड्या गळ्याचं म्हणून तिनं जन्मभर एकच ऐकलं होतं. वीणा खाली टेकू नये म्हणून तिनं हाताशी होती ती उचलली. “एक वाऽर… दोन वाऽर… एक वाऽर…” दोन वारनंतर ती परत फिरायची. खालाला काय वाटलं कुणास ठाऊक, तीही तिच्याशेजारी उभी राहिली आणि सूर धरला. “एक वाऽर! दोन वाऽर!” आणि बाजारचा पुकारा जन्मभर ऐकलेली ती बाई, ओघातच, हात आपटून म्हणाली, “ती—”

मायनं झडप घालून तिचं तोंड दाबलं. मिरच्या खुडलेल्या हातानं. खालाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ती ठसकली, शिंकली, ओठ पुसत मागे सरली. “क्या करती गे! जलाई मेरे को!”

“तीन वार न्हाई म्हणायचं, खाला,” माय म्हणाली. “तीन वार म्हणलं की माल जातो.”

खाला ओल्या ओढणीनं तोंड पुसून पुन्हा तिच्याशेजारी उभी राहिली. “चल. बोल,” म्हणाली. “एक वाऽर.” मीही उठले. आम्ही तिघी ओरडत होतो तेव्हा दाराची चादर बाजूला झाली आणि दारात भानुकाका उभा होता.

संध्याकाळच्या गाडीला अजून खूप वेळ होता. तो दुपारच्याच गाडीनं आला होता, हातात पिशवीसुद्धा नव्हती. चांगली बातमी सावकाश येते, वाईट बातमीला मधली गाडी मिळते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. काकानं आपल्या वहिनीला टीव्हीसमोर हात वर करून हर्रास पुकारताना पाहिलं आणि तो दाराला धरून रडायलाच लागला. माय ओरडायची थांबली नाही. त्याच्याकडे पाहत, अगदी त्याच्याच तोंडावर, “दोन वाऽर” म्हणाली आणि तिथं मात्र थांबली. त्या थांबलेल्या जागेइतकी लांब जागा मी नंतर आयुष्यात पाहिली नाही.

“झालं, वहिनी,” काका म्हणाला. “सकाळीच झालं. शुद्धीवर हाय दादा.”

“मंग तू रडून का राह्यला?”

“तुमाला पाहून,” काका म्हणाला. तो आनंदानं मिळेल त्या गाडीत चढला होता, पिशवी दवाखान्यातच विसरून. मायला खाली बसवावं लागलं. “बोलले का?” तिनं विचारलं. काका म्हणाला, डॉक्टरनं महिनाभर बोलायची मनाई केली आहे, नंतर किती आवाज येईल ते त्यांनाही माहीत नाही. मायनं हात धुतले आणि काला कालवला. लाईट आली तोवर त्या बाईचं झालं होतं आणि टीव्हीवर शेतीची माहिती चालू होती.

आबा घरी आले ते गळ्याला पांढरी पट्टी बांधून. इतके वाळले होते की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. घरात सगळे हळू बोलणारेच उरले होते, त्यामुळे भांड्यांचे आवाज मोठे वाटायला लागले. सप्ताहाची हकीकत त्यांना मायनं सांगितली नाही, खालानं सांगितली, स्वतःच्या भाजलेल्या ओठांसकट. “तेरी बायको ने तीन वार बोलनेच नै दिया,” असं म्हणाली तेव्हा आबा आवाज न करता खूप हसले, आणि हसता हसता तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले. खोक्यावर ते पुन्हा चढले नाहीत. पुढे काट्याजवळ बसून वजनं बघायला लागले, तिथं बोलावं लागत नाही.

मनाई उठली त्या दिवशी सकाळपासून कुणीच त्यांना काही विचारलं नाही. आम्ही सगळेच भीत होतो, तेही भीत असावेत. संध्याकाळी जेवणं होत आली, मायनं तवा उतरवला, टोपल्यात शेवटची भाकर राहिली. आबांनी ती उचलून तळहातावर धरली. “बोला,” ते म्हणाले. जुनं लुगडं फाडावं तसा आवाज होता, चुलीजवळ बसलेल्यालाच ऐकू येईल इतका. माय त्यांच्या गळ्याकडे बघत होती, ऑपेरातल्या लोकांकडे बघायची तशी. बंडूला रडू फुटलं, तरी तो म्हणाला, मी म्हशीला पाणी दाखवतो. मी म्हणाले, मी गोठाही झाडते.

“एक वार,” आबा म्हणाले. मध्ये श्वास घ्यावा लागला. “दोन वार.”

मायचा हात पदरावर घट्ट झाला. आबा थांबले. आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे त्यांनी एकदा बघून घेतलं, जसं बाजारात बघायचे, आणि सगळ्यांत शेवटी मायकडे बघितलं. मग भाकर परत टोपल्यात ठेवली आणि वर फडकं झाकलं.

“ह्यो माल विकायचा न्हाई,” ते म्हणाले.